‘तुमचं चुकतंय’ म्हणणारा माणूस जपा

ख्रिस्ती सेवेची सुरुवात चांगली करणाऱ्या माणसांची आपल्या मंडळ्यांत वाण नाही. संडेस्कूलमध्ये वचने पाठ करून वाढलेली, तरुण संघात पुढे आलेली, सेमिनरीतून शिकून आलेली, पंचायतीवर निवडून आलेली कितीतरी माणसे आपल्याला माहीत असतात. खरा प्रश्न पुढचा असतो. वीस-तीस वर्षांनी, मान मिळाल्यावर, हातात किल्ल्या आल्यावर, केस पांढरे झाल्यावर तोच माणूस देवाला तसाच धरून राहिलेला असतो का? पुष्कळदा उत्तर ‘हो’ असते. कधीकधी मात्र ते ऐकून मन विषण्ण होते.

पवित्र शास्त्र हा प्रश्न टाळत नाही. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदाच्या तीन राजांची हकिगत आहे. तिघांचीही सुरुवात उत्तम आणि शेवट वाईट. शेवटपर्यंत विश्वासू राहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः पुढारीपण करणाऱ्याने, हे अध्याय वर्षातून एकदा तरी सावकाश वाचावेत.

तीन राजे, एकच वळण

पहिला आसा. त्याने मूर्तींच्या वेद्या पाडल्या, प्रचंड कूशी सैन्यापुढे देवाचा धावा करून विजय मिळवला, इतकेच नव्हे तर मूर्तिपूजा करणाऱ्या आपल्या आजीलाही राजमातेच्या पदावरून दूर केले. पस्तीस वर्षे अशी गेली. छत्तिसाव्या वर्षी इस्राएलचा राजा बाशा सीमेवर तटबंदी बांधू लागला, तेव्हा आसाने प्रार्थना केली नाही. मंदिराच्या भांडारातले सोने-रुपे काढून त्याने दिमिष्काच्या बेन-हदादला पाठवले आणि त्याची मदत विकत घेतली. डाव यशस्वी झाला, बाशा मागे हटला. पण हनानी नावाचा द्रष्टा राजाकडे आला आणि म्हणाला, हे तू मूर्खपणाने केलेस. आसाने त्याला तुरुंगात खोड्यात घातले आणि प्रजेतल्या काहींवरही जुलूम केला.

दुसरा योवाश. सातव्या वर्षी गादीवर बसलेल्या या मुलाला यहोयादा याजकाने वाढवले. मंदिराची डागडुजी योवाशाने मोठ्या आस्थेने केली. पण यहोयादा वारल्यावर दरबारातले सरदार पुढे झाले, राजाला मुजरा करू लागले आणि राजा त्यांचे ऐकू लागला. यहोयादाचा मुलगा जखऱ्या याने भर मंदिराच्या अंगणात त्याला सावध केले. ज्याच्या बापाने आपला जीव वाचवला, त्याच्याच मुलाला योवाशाने धोंडमार करवून मारले.

तिसरा उज्जीया. सोळाव्या वर्षी राजा झाला आणि बावन्न वर्षे राज्य केले. बुरूज बांधले, विहिरी खोदल्या, शेतीची त्याला मनापासून आवड होती. देवाने त्याला साहाय्य केले आणि तो बलाढ्य झाला. तेवढ्यात मन चढले. याजकांचे काम आपणच करावे म्हणून धुपाटणे घेऊन तो मंदिरात शिरला. अजऱ्या याजक आणखी ऐंशी याजकांना घेऊन त्याच्या मागोमाग आत गेला आणि त्याला अडवले. राजा संतापला. धुपाटणे हातात असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत त्याला वेगळ्या घरात राहावे लागले.

या तिघांच्या चुका सारख्या नाहीत. एकाची राजकारणाची, दुसऱ्याची भिडेची, तिसऱ्याची अहंकाराची. पण वळण एकच आहे. तिघांपुढेही देवाने माणूस पाठवला, त्याने तोंडावर सांगितले, आणि तिघांनीही त्या माणसावर राग काढला. चूक झाली त्या दिवशी त्यांचा शेवट ठरला नव्हता. सांगणाऱ्याचे तोंड बंद केले, त्या दिवशी तो ठरला.

दाविदाची चूक या तिघांपेक्षा लहान नव्हती. परस्त्रीचा अभिलाष, मग तिच्या नवऱ्याचा खून. पण नाथानाने बोट दाखवले तेव्हा दाविदाने त्याला तुरुंगात टाकले नाही. पाप केले असे म्हणून तो खाली बसला. पुढे त्याच्या घरात जे घडले ते त्याला भोगावे लागले, तरी देवाशी त्याचे नाते तुटले नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांसमोर दोष दिला. पेत्र ज्येष्ठ होता, प्रभूबरोबर चाललेला होता. त्याला ते किती लागले असेल! तरी पेत्राच्या नावे असलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख ‘प्रिय बंधू’ असाच येतो.

मला या लेखात एवढेच सांगायचे आहे. शेवटपर्यंत टिकणे ही केवळ मनोधैर्याची गोष्ट नाही. ज्याला शेवटपर्यंत कोणीतरी ‘तुमचं चुकतंय’ म्हणू शकते आणि जो ते ऐकतो, तो टिकतो. असा माणूस आपोआप मिळत नाही. पद जितके मोठे, तितके होयबा वाढतात आणि खरे बोलणारे लांब जातात. म्हणून त्याची सोय आपणच, मुद्दाम आणि वेळेवर करून ठेवावी लागते. ती कशी करायची ते आता पाहू.

दोन माणसे ठरवा

तुम्ही पाळक असा, पंचायतीवर असा, महिला मंडळाच्या अध्यक्षा असा किंवा संडेस्कूलचे शिक्षक, तुमच्या आयुष्यात दोन व्यक्ती ठरवा आणि त्यांना तसे सांगा. मनातल्या मनात ठरवून भागत नाही. “माझ्यात काही वावगं दिसलं तर मला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, मी रागावलो तरी सांगा,” असे शब्दांत म्हणा.

निवड करताना तीन गोष्टी पाहा. ती व्यक्ती तुमच्या हाताखाली काम करणारी नसावी, कारण पगार किंवा पद तुमच्या हाती असेल तर ती मोकळेपणाने बोलणार नाही. तिला तुमच्याकडून काही मिळवायचे नसावे. आणि ती प्रार्थना करणारी, गोष्ट पोटात ठेवणारी असावी. पुरुषाने पुरुषाची आणि स्त्रीने स्त्रीची निवड करावी. शक्य असेल तर एक जण वयाने मोठा आणि दुसऱ्या मंडळीतला असावा. आपल्याच मंडळीतला माणूस कधी ना कधी आपल्या गटातला किंवा विरुद्ध गटातला होतो.

महिन्यातून एकदा भेटा. गप्पांत वेळ जाऊ नये म्हणून प्रश्न आधीच ठरवून ठेवा: या महिन्यात माझी वैयक्तिक प्रार्थना कशी झाली? पैशाच्या बाबतीत काही लपवले का? कोणाबद्दल मनात अढी आहे का? घरच्यांशी कसा वागलो? कोणाशी नको इतकी जवळीक होते आहे का? या प्रश्नांना उत्तरे देताना मी काही दडवले का? शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा असतो.

एक नियम मात्र कडक पाळा. समोरच्याने चूक दाखवली की त्याच दिवशी खुलासा करू नका. “ऐकलं, विचार करतो,” एवढेच म्हणा आणि घरी जा. खुलाशाची घाई हा आसाच्या तुरुंगाचाच सौम्य अवतार आहे. रात्रभर ती गोष्ट देवापुढे ठेवली की सकाळी तिच्यातले खरे-खोटे बरेच निवळलेले असते.

अशी व्यवस्था जन्मभर निभावता येते याचा दाखला आपल्या देशातच आहे. विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले आणि १८३४ मध्ये तिथेच वारले. मधल्या काळात ते मायदेशी परतले नाहीत. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापणारे ते हेच केरी. सेरामपूरला ते, मार्शमन आणि वॉर्ड आपापल्या कुटुंबांसह एकत्र राहत. तिथे शनिवारची संध्याकाळ आपसातले मतभेद मिटवण्यासाठी आणि एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन पुन्हा देण्यासाठी राखून ठेवलेली असे. १८०५ मध्येच त्यांनी आपल्या सेवेची तत्त्वे लिहून काढली आणि ती दरवर्षी जानेवारी, मे व ऑक्टोबर महिन्यांतल्या पहिल्या रविवारी प्रत्येक ठाण्यावर मोठ्याने वाचायची असे ठरवले. १८१२ मध्ये छापखान्याला आग लागून वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळाली. त्यांनी पुन्हा कामाला सुरुवात केली. पुढे मालमत्तेच्या अधिकारावरून इंग्लंडमधल्या संस्थेशी त्यांचा वाद झाला आणि १८२७ मध्ये ते वेगळे झाले, म्हणजे सारे काही सुरळीत होते असे नाही. पण हे तिघे एकमेकांना शेवटपर्यंत सोडून गेले नाहीत. वॉर्ड १८२३ मध्ये गेले, मग केरी, आणि १८३७ मध्ये मार्शमन.

तुमच्या मंडळीत सेवक आणि पंचायत मिळून अशी एक पानभर प्रतिज्ञा लिहिता येईल. वर्षातून तीनदा ती मोठ्याने वाचा. आपण काय कबूल केले होते हे माणूस विसरतो. वाचले की आठवते.

पैसा एकट्याने मोजू नका

पुष्कळ चांगल्या सेवकांचे नाव पैशाने गेले आहे, आणि त्यातल्या कित्येकांनी सुरुवातीला एक पैसाही खाल्लेला नव्हता. हिशेब ढिला होता, एवढेच. ढिल्या हिशेबातून आधी संशय येतो, मग सवलत, मग मोह.

योवाशाच्या काळी मंदिराच्या दुरुस्तीसाठी एक पेटी ठेवली होती, तिच्या झाकणाला भोक पाडलेले होते. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक दोघे येत, दोघे मिळून पैसे मोजत आणि थैल्यांत बांधत. एकटा याजक नाही, एकटा चिटणीस नाही. पौलानेही हेच केले. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी त्याने मोठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती पोहोचवण्यासाठी मंडळ्यांनी निवडलेला माणूस तीताबरोबर घेतला. कारणही त्याने स्पष्ट लिहिले: इतक्या मोठ्या रकमेबाबत कोणी आपल्याला दोष देऊ नये, आणि जे योग्य ते केवळ प्रभूच्या नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही योग्य दिसावे. पौलाला स्वतःच्या प्रामाणिकपणाची खात्री होती. तरीही त्याने साक्षीदार घेतला.

रविवारी उपासना संपल्यावर दानाच्या थैल्या वेस्ट्रीत येतात, तिथून सुरुवात करा. टेबलावर पैसे ओतताना किमान दोन माणसे हजर असावीत आणि ती एका घरची नसावीत. पाचशेच्या नोटा वेगळ्या, शंभराच्या वेगळ्या, चिल्लर वेगळी. प्रत्येक गड्डीत किती नोटा ते कागदावर लिहावे, बेरीज करावी, दोघांनी सह्या कराव्यात आणि तो कागद हिशेबाच्या वहीला जोडावा. रक्कम सोमवारी बँकेत भरावी. ‘तेवढ्यापुरते’ म्हणून त्यातून कोणाला उसने देऊ नये, पाळकांनाही नाही. क्यूआर कोड लावला असेल तर तो मंडळीच्या खात्याचा असावा, कोणा व्यक्तीच्या खात्याचा कधीही नसावा. पावती दिल्याशिवाय वर्गणी घेऊ नये. ट्रस्टचा हिशेब दरवर्षी वेळेवर तपासून घ्यावा आणि तो फक्त ऑडिटरच्या फाइलीत न राहता मंडळीच्या वार्षिक सभेत साध्या भाषेत वाचला जावा.

मिशनकडून आलेल्या जमिनी आणि इमारती हा आपल्याकडचा फार नाजूक विषय आहे. कितीतरी ठिकाणी सख्खे भाऊ या वादात कोर्टाची पायरी चढले आहेत. जमिनीविषयी कोणताही निर्णय बंद खोलीत घेऊ नका. कोणी ‘घाईने सही करा’ म्हणत असेल तर सही करू नका.

इतके करूनही एक लक्षात ठेवावे लागते. ती पेटी लावणारा योवाशच पुढे बिघडला. पेटी जागेवरच होती, कान मात्र बंद झाले होते. चांगली पद्धत आपले रक्षण करते. तिला मनाची जागा घेता येत नाही.

वचन आधी स्वतःसाठी

जो आठवड्यातून दोन-तीनदा उपदेश करतो, त्याच्यावर एक वेगळेच संकट येते. पवित्र शास्त्र उघडले की डोळे मुद्दे शोधू लागतात. हे वचन रविवारी बरे पडेल, ही गोष्ट तरुण संघाला सांगता येईल. वाचन होते, प्रार्थनाही होते, पण दोन्ही दुसऱ्यांसाठी. अशी वर्षे गेली की माणूस वचनाविषयी खूप जाणतो, पण वचन त्याच्याशी बोलेनासे होते.

उपाय साधा आहे. ज्या पुस्तकातून उपदेश करता त्याहून वेगळे पुस्तक स्वतःसाठी वाचा. सकाळी अर्धा तास, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. वही घ्या, पण तिच्यात मुद्दे लिहू नका. ‘आज देवाने मला काय म्हटले’ एवढेच लिहा. काही दिवस कोरडे जातील. त्या दिवशीही बसा. स्तोत्रसंहितेतली निम्मी गाऱ्हाणी अशाच कोरड्या दिवसांत लिहिली गेली असावीत. आपल्या कोरडेपणाविषयी देवाशी बोलणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

आठवड्यातून एक दिवस विसावा घ्या. रविवार तुमचा कामाचा दिवस असेल तर सोमवार धरा. अंत्यविधी सांगून येत नाहीत हे खरे. पण ‘माझ्याशिवाय चालत नाही’ या समजुतीत कष्टापेक्षा अभिमान जास्त असतो. थकलेल्या माणसाला मोह लवकर गाठतो. कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला एलीया लगेच पुढच्याच अध्यायात झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवाने त्याला आधी झोप आणि भाकर दिली, उपदेश नंतर केला.

घरचे सांगतात ते ऐका

बाहेरच्यांना दिसत नाही ते घरच्यांना दिसते. एली याजकाचे मुलगे मंदिरातले अर्पण बळकावत होते. एली त्यांना बोलला, पण त्याने त्यांना आवरले नाही. शमुवेल एलीच्याच घरी वाढला आणि हे सारे त्याने पाहिले, तरी त्याचे स्वतःचे मुलगेही लाच घेणारे निघाले. सेवा मोठी असली म्हणजे घर आपोआप सुधारते असे नाही.

मराठी ख्रिस्ती वाचकाच्या घरी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ असायलाच हवे. १९३४ पासून मराठी माणूस ते वाचतो आहे. नारायण वामन टिळकांची भक्ती, त्यांची प्रतिभा, त्यांचे औदार्य त्यात भरभरून आहे. पण घरात काही उरले आहे की नाही याची पर्वा न करता देऊन टाकणारा नवरा, त्याचा तापट स्वभाव, त्याची अचानकची फिरस्ती, आणि हे सगळे निभावून नेणारी बायकोही त्यात आहे. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या छायेत गप्प बसल्या नाहीत. त्या बोलत, भांडत, विचारत, आणि टिळक त्यांचे म्हणणे मनावर घेत. त्या पुस्तकात आपल्याला एक थोर सेवक भेटतो, तसेच त्या सेवकाला सत्य सांगणारी त्याची जोडीदारही भेटते.

म्हणून सेवकांनो, वर्षातून दोनदा तरी पत्नीला किंवा पतीला आणि मुले मोठी असतील तर मुलांनाही विचारा: माझ्या सेवेपायी तुमचं काय नुकसान होतंय? विचाराल आणि मग ऐकाल, तर त्यांचा विश्वास टिकेल. व्यासपीठावर एक आणि जेवणाच्या ताटावर दुसराच असा बाप पाहिलेली मुले देवळापासून दूर जातात, आणि त्यांना परत आणणे फार कठीण असते.

समुपदेशनाविषयीही एक शब्द. परस्त्रीशी किंवा परपुरुषाशी बंद दाराआड बोलू नका. दार उघडे ठेवा, नाहीतर तिसरी व्यक्ती आवाजाच्या टप्प्यात असू द्या. रात्री उशिरा चालणाऱ्या खाजगी संदेशांना तिथेच थांबवा. आपला फोन जोडीदाराने केव्हाही हातात घ्यावा, इतका तो निर्मळ असावा. यात कोणावर अविश्वास नाही. योसेफ पळाला, कारण त्याला स्वतःच्या बळाची मर्यादा ठाऊक होती.

खुर्ची वेळेवर सोडा

शेवट बिघडतो तो पुष्कळदा पद सोडण्याच्या वेळी. उमेदीची वर्षे निष्कलंक गेलेली माणसे शेवटच्या दोन-तीन वर्षांत पदाला चिकटून राहतात, मुलाला किंवा जावयाला पुढे करतात, नव्याला नावे ठेवतात, आणि आयुष्यभराचे कमावलेले तिथे घालवतात.

शमुवेलाचा निरोप इथे आदर्श आहे. म्हातारा झाल्यावर त्याने सर्व इस्राएलांना जमवले आणि विचारले: मी कोणाचा बैल घेतला? कोणाचा गाढव घेतला? कोणाला फसवले? कोणाकडून लाच घेतली? सांगा, मी भरून देतो. लोक म्हणाले, तू काहीही घेतले नाहीस. पद सोडताना स्वतःहून हिशेबाला उभे राहणे याहून सुंदर निरोपसमारंभ नाही. आपल्याकडे शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात. शमुवेलाचे हे प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. विचारा. आणि कोणी हात वर केला तर भरून द्या. राजा मागितल्याने शमुवेल दुखावला होता, तरीही त्या लोकांसाठी प्रार्थना करणे मी थांबवणार नाही, असे त्याने त्याच दिवशी सांगितले. निवृत्त सेवकाचे उरलेले काम त्यात आले: नव्याच्या कामात ढवळाढवळ नाही, त्याच्यासाठी प्रार्थना.

पंडिता रमाबाईंचे शेवटचे दिवस या बाबतीत मन हलवणारे आहेत. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, मग पुणे, मग १८९६-९७ च्या दुष्काळात वाचवून आणलेल्या शेकडो मुली आणि केडगावचे मुक्ती मिशन. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे साध्या माणसाला, साध्या बाईला समजेल असे मराठी भाषांतर हाती घेतले. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातांनी जुळवले आणि छापले जात होते. ज्या मुलीच्या हाती काम सोपवायचे म्हणून त्या पाहत होत्या, ती मनोरमा १९२१ मध्ये वारली. एकुलती एक मुलगी. त्या दुःखातही रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही. ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. त्यांचे काम एकाच व्यक्तीवर उभे नव्हते, म्हणून ते थांबले नाही. केडगावला मुक्ती मिशन आजही चालू आहे.

काम अपुरे राहिले तरी विश्वासूपणा अपुरा राहत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि १९१९ मध्ये ते गेले. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अर्धवट राहिले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. मोशेनेही वचनदत्त देश डोंगरावरूनच पाहिला. आपण कुठवर पोहोचलो यावरून देव माप घेत नाही. सोपवलेले आपण कसे सांभाळले आणि पुढच्याच्या हाती कसे दिले, हे तो पाहतो. म्हणून पद सोडण्याची तारीख पाच वर्षे आधी ठरवा, दोन-तीन तरुणांना खऱ्या जबाबदाऱ्या द्या, त्यांच्या चुका पोटात घाला आणि ठरलेल्या दिवशी किल्ल्या देऊन टाका.

पडलात तर

हे वाचणाऱ्यांत असेही कोणी असेल, ज्याला वाटत असेल की आपल्यासाठी आता उशीर झाला आहे. त्याने मार्काकडे पाहावे. पहिल्या मिशनरी प्रवासात तो पंफुल्यातून घरी परतला. पुढच्या वेळी त्याला बरोबर न्यावे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका तंटा झाला की ते वेगळे झाले. बर्णबाने मार्काला आपल्याबरोबर घेतले. आणि आयुष्याच्या शेवटी तुरुंगातून लिहिताना पौल तीमथ्याला म्हणतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. त्याच अध्यायात, त्याच्या थोडे आधी, एके काळी पौलाचा सहकारी असलेला देमास जगाच्या प्रेमापायी सोडून गेल्याची नोंद आहे. एक सुरुवातीला पळाला आणि शेवटी उपयोगी ठरला. दुसरा बरोबर चालला आणि शेवटी गेला. जिवंत आहोत तोवर परतण्याचा रस्ता उघडा आहे.

पण परतणे म्हणजे लपवणे नाही. पाप कबूल करायचे, ज्याचे नुकसान झाले त्याचे भरून द्यायचे, आणि मंडळीच्या शिस्तीला अधीन व्हायचे. क्षमा मिळाली म्हणजे पद परत मिळालेच पाहिजे असे नाही. काही पापांनंतर पुन्हा व्यासपीठावर न जाणे हाच पश्चात्तापाचा खरा पुरावा असतो. आणि कोणावर, विशेषतः लहान मुलावर, लैंगिक अत्याचार झाला असेल तर तो पंचायतीत मिटवण्याचा विषयच नाही. मुलांवरच्या अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे बंधनकारक आहे. ‘मंडळीची बदनामी होईल’ म्हणून पीडिताला गप्प बसवणे म्हणजे जखऱ्यावर पुन्हा धोंडे उचलणे होय.

सांगणाऱ्याने कसे सांगावे

पुढारी ऐकत नाहीत ही तक्रार आपण करतो. आपण नीट सांगतो का, हेही पाहू. निनावी पत्र, व्हॉट्सॅपवरचा टोमणा, घरोघरी केलेली कुजबुज, याला सांगणे म्हणत नाहीत. प्रभूने क्रम घालून दिला आहे: आधी एकांतात दोघांनी, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. वडीलधाऱ्याला कठोरपणे न बोलता बापाप्रमाणे समजवावे, आणि वडिलावरचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय मान्य करू नये, असे पौल तीमथ्याला सांगतो. मात्र एखाद्याच्या जिवाला किंवा अब्रूला धोका असेल तिथे एकांताच्या भेटीची वाट पाहू नये, आधी त्या व्यक्तीला सुरक्षित करावे.

इतर वेळी आधी त्या सेवकासाठी प्रार्थना करा. मग त्याच्या सोयीची वेळ घ्या. “पाळकसाहेब, एक गोष्ट मनात आहे, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणूनच बोलतोय,” असे म्हणून एकच गोष्ट सांगा. पाच वर्षांची यादी एका दिवशी बाहेर काढू नका. जे स्वतः पाहिले तेवढेच सांगा. आणि सांगून झाल्यावर त्याच्याबरोबर प्रार्थना करा. चांगले केले तेव्हाही तोंडावर सांगत जा. ज्याच्याकडून कधीच शाबासकी मिळाली नाही, त्याची टीका पचवणे जड जाते.

पंचायतीने सेवकाच्या पगाराकडे, मुलांच्या शिक्षणाकडे, म्हातारपणच्या घराकडे लक्ष द्यावे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी राहायचे कुठे याची धास्ती ज्याला आहे, त्याला मोह टाळायला सांगणे सोपे आहे; त्याची धास्ती दूर करणे हे मंडळीचे कर्तव्य आहे.

या आठवड्यात

हे सगळे एकदम होणार नाही. एकच गोष्ट करा. तुमच्या ओळखीत असा कोण आहे ज्याने कधीतरी तुम्हाला कडू पण खरे सांगितले आणि तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी बोलायचे कमी केले? बहुतेकांच्या मनात लगेच एक नाव येईल. त्याला फोन करा. त्याचे त्या वेळी थोडे चुकले असेल, शब्द जास्त झाले असतील. ते सोडून द्या. “तुम्ही त्या वेळी सांगितलंत ते बरं केलंत, पुढेही सांगत जा,” असे म्हणा. तरुण असाल तर आताच ही सवय लावा, कारण मान वाढल्यावर ती लागणे अवघड जाते. वय झाले असेल तर आजच करा. देवाची कृपा आपल्याला शेवटपर्यंत राखते हे आपण मानतो, आणि ती पुष्कळदा अशाच माणसाच्या तोंडून बोलते. त्याच्यासाठी आपले दार उघडे राहू द्या.